शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर: जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आमच्या जिल्ह्याचे मा. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, मा. शिक्षणाधिकारी आणि अन्नसुरक्षेचे काम पाहणारे सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ३३ वर्षे शिकवले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शाळेच्या फाटकाबाहेर मुलांना विकली जाणारी गोड सुपारी आणि इतर खाऊ यांबद्दल मी केलेल्या अर्जाला गेल्या महिन्यात एका वाक्याचे उत्तर आले. सुपारी हा तंबाखूजन्य पदार्थ नसल्यामुळे कार्यवाही करता येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते. हे उत्तर कोणत्या कार्यालयाने दिले ते मी येथे लिहीत नाही, कारण त्याआधी ज्या तीन कार्यालयांत मी गेले तिथेही मला साधारण हेच ऐकवले गेले. उत्तर मला आले असले तरी ते या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला आणि प्रत्येक आईवडिलांना लागू होते, म्हणून पुन्हा अर्ज न करता मी हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

सुपारी तंबाखूजन्य नाही, हे खरे आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीला, म्हणजे तंबाखू न मिसळलेल्या सुपारीला, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. तंबाखूही याच गटात आहे. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू घट्ट आणि तंतुमय होत जाते, आधी तिखट सोसेनासे होते, मग तोंड उघडेनासे होते. दाताचे डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि यातल्या काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. भारतातल्या पुरुषांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग ओठ आणि तोंडाचा आहे. शिवाय आपल्या राज्यात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर जी बंदी आहे आणि जी दरवर्षी वाढवली जाते, तिच्या आदेशात सुगंधित सुपारीचाही समावेश आहे. म्हणजे मला मिळालेले उत्तर वैद्यकशास्त्राला धरून नाही आणि शासनाच्या स्वतःच्या आदेशालाही धरून नाही.

माझा या विषयाशी संबंध पुस्तकातून आलेला नाही. माझा धाकटा भाऊ सूतगिरणीत कामाला होता. त्याने आयुष्यात कधी तंबाखू मळली नाही, बिडी ओढली नाही, आणि याचा आमच्या आईला फार अभिमान होता. सुपारी मात्र तो सातवीपासून खात असे. शाळेजवळच्या दुकानात मिळणारी, बडीशेप आणि गुलकंदाचा वास असलेली ती लाल पुडी घरात कुणालाच व्यसन वाटली नाही, कारण आमच्याकडे पाहुण्यांपुढेही जेवणानंतर सुपारीचे तबक येतेच. चाळिशीच्या सुमारास तो म्हणू लागला की ठेचा सोसत नाही, तोंडाची आग होते. आम्ही पित्त समजलो. पुढे त्याच्या तोंडात भाकरीचा घास जाईना, तेव्हा आई दुधात भाकरी कुस्करून त्याला भरवू लागली, आणि शेवटी शेवटी जेवणाचा चमचाही आत जात नसे म्हणून तिने लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारा चमचा धुऊन ठेवला होता. निदान झाले तेव्हा त्याचे वय ४६ होते. जबड्याचे ऑपरेशन झाले, किरणोपचार झाले, आणि दोन वर्षांनी तो गेला. तो चमचा आईने कितीतरी दिवस मांडणीवरून हलवू दिला नाही.

त्यानंतर मी वर्गातल्या मुलांच्या खिशांकडे लक्ष देऊ लागले. डब्यात काय आहे हे सगळ्याच शिक्षिका पाहतात, मी मधल्या सुटीत मुले फाटकाबाहेर जाऊन काय आणतात ते पाहू लागले.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने शाळकरी मुलांच्या सुरक्षित आणि समतोल आहारासाठी २०२० मध्ये नियम केले आणि ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले, हे आपणास माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. ज्या पदार्थांत संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा मीठ जास्त आहे, ते शाळेच्या उपाहारगृहात किंवा शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत, असे हे नियम सांगतात. ही तरतूद माझ्या वाचनात आली ती २०२२ च्या अखेरीस. त्या आठवड्यात सहावीला लांबीचे मापन शिकवायचे होते, म्हणून मी मुलांना मोजपट्टीऐवजी ३० मीटरची टेप दिली आणि आम्ही फाटकापासून चारही दिशांना ५० मीटर मोजले. खो-खोचे मैदान आखायची फक्की शिल्लक होती, तिची रेषा मुलांनी रस्त्याच्या कडेने ओढली. रेषेच्या आत चार टपऱ्या आणि एक हातगाडी आली. सर्वांत जवळची टपरी फाटकापासून ११ मीटरवर होती. तिच्या पुढच्या बाजूला तोरणासारख्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, खाली वेफर्स आणि कुरकुरीत नळ्या, मध्ये रंगीत सरबताच्या पिशव्या आणि सर्वांत वर, मोठ्या माणसाच्या हाताला लागेल अशा उंचीवर, गोड सुपारी. दुकानदार ती काठीने काढून देत असे. दुसरीतल्या एका मुलाने पाच रुपयांचे नाणे फळीवर ठेवले आणि काही न बोलता वर बोट दाखवले, इतका तो व्यवहार रोजचा होता.

एका मुलीने मला विचारले, "बाई, मग आता हे लोक कधी जाणार?" मी तिला सांगितले की आपण अर्ज करू. पहिला अर्ज मी त्याच आठवड्यात केला. फक्कीची रेषा पहिल्या वळवाच्या पावसात वाहून गेली आणि ती मुलगी आता हायस्कूलला आहे.

माझी पहिली तक्रार हीच आहे की नियम लागू होऊन इतकी वर्षे झाली, तरी आमच्या शाळेपुढे कुणी टेप घेऊन आलेले मी पाहिले नाही. तंबाखूबंदीची १०० यार्डांची पाटी शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आहे, ५० मीटरच्या नियमाची पाटीच नाही. तो नियम मुख्याध्यापकांना माहीत नाही, टपरीवाल्यांना माहीत नाही, आणि एका कार्यालयात तर माझ्याकडूनच त्याची प्रत मागून घेण्यात आली.

दुसरी तक्रार त्याहून क्लेशदायक आहे. या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा आमच्या भागात प्रवेशोत्सवात नव्या मुलांचे स्वागत फुगे, गुलाबाचे फूल, वेफर्सची पिशवी आणि गोड पेयाची छोटी बाटली देऊन झाले. देणाऱ्यांची भावना चांगली होती, याबद्दल मला शंका नाही. पण पहिलीच्या मुलाला शाळेत पाऊल ठेवताच मोठ्या माणसांच्या हातून, टाळ्यांच्या गजरात जे मिळते ते त्याच्या मनात चांगल्या वस्तूंच्या यादीत जाऊन बसते, आणि मग पुढची दहा वर्षे शिक्षिकेने फळ्यावर सकस आहाराचे चित्र काढून काही उपयोग होत नाही. नियमांमध्ये असे पदार्थ शाळेत मोफत वाटण्याचाही उल्लेख आहे, तो कृपया पुन्हा वाचावा.

तळणीच्या तेलाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याकडे कुणाचेच लक्ष नाही. हातगाडीवरच्या कढईतले तेल दिवसाअखेर काळे आणि चिकट होते, दुसऱ्या दिवशी त्यातच नवे तेल ओतले जाते. तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडताना बनणारी द्रव्ये, वाढतात, आणि त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेलेले तेल वापरू नये असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. हे प्रमाण मोजण्याचे हातात मावणारे यंत्र मिळते, कढईत बुडवले की आकडा दिसतो. ते यंत्र आमच्या तालुक्यात मी कुणाच्या हातात पाहिलेले नाही. तळलेले भजे किंवा वडा ज्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिला जातो, त्याची शाई गरम तेलात विरघळून अन्नात उतरते, म्हणून तसा कागद वापरण्यासही मनाई आहे. आणि हे सांगताना मला त्या हातगाडीवरच्या बाईंचाही विचार करावासा वाटतो, कारण फार तापलेल्या तळणीच्या वाफेला त्याच कर्करोग संशोधन संस्थेने बहुधा कर्करोगकारक म्हटले आहे आणि ती वाफ मुलांपेक्षा त्या बाईंच्या छातीत अधिक जाते.

या ठिकाणी एक गोष्ट मला स्पष्ट करायला हवी, कारण आहार आणि कर्करोग यांविषयी भलते दावे करणारे संदेश आपल्या सर्वांच्या फोनवर रोज येतात. लिंबू, हळद किंवा अमुक एक रस घेतल्याने कर्करोग बरा होतो, असे मी म्हणत नाही आणि कुणी म्हणू नये. आयुष्यभर साधे, सकस जेवलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो, आणि आजारी माणसाला "तू असे खाल्लेस म्हणून झाले" असे सुनावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. माझ्या भावाला ते लोकांनी सुनावले होते. आहाराने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. तरीही कर्करोगाच्या ३० ते ५० टक्के रुग्णांचा आजार आज माहीत असलेल्या उपायांनी टाळता येण्याजोगा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तंबाखू आणि मद्य टाळणे, लसीकरण, वजन आटोक्यात ठेवणे आणि योग्य आहार हे ते उपाय आहेत. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला, हे लक्षात घेतले तर धोका थोडा जरी कमी झाला तरी किती घरे वाचतील याचा अंदाज येतो.

आणि हा योग्य आहार आपल्या लोकांना परका नाही, हेच मला पुन्हा पुन्हा सांगायचे आहे. कोंड्यासकट दळलेली धान्ये आणि तंतुमय पदार्थ भरपूर खाणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण कमी असते, याचे पुरावे भक्कम आहेत. न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात, ते आतड्याच्या अस्तराचे पोषण करते, मळ मऊ राहतो आणि घातक द्रव्ये आतड्याला लागून फार वेळ राहत नाहीत. हा चोथा ज्वारी-बाजरीच्या भाकरीत आहे, मटकी-हुलग्याच्या उसळीत आहे, शेपू, चाकवत, अंबाडी, करडईच्या भाजीत आहे, पेरूत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी चालते, आणि देशातली ती अशी पहिली नोंदणी आहे. गावोगाव फिरून गोळा केलेल्या तिथल्या नोंदींत स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईसारख्या शहरापेक्षा कमी दिसत आले आहे. याचे श्रेय एकट्या भाकरीला देता येणार नाही, कारण शेतातले कष्ट, लग्नाचे आणि बाळंतपणाचे वय, अंगावर पाजणे, अशी अनेक कारणे त्यात आहेत. पण आपल्या खेड्यांचे जे बरे होते ते आपण टिकवायला हवे, आणि आज आमच्या गावात घरी मालदांडी ज्वारीची पोती असताना मुले दुपारी मैद्याची बिस्किटे खातात, हे मला बघवत नाही.

शालेय पोषण आहाराबद्दलही मला लिहिले पाहिजे. ही योजना नसती तर माझ्या वर्गातली कितीतरी मुले उपाशी शिकली असती, आणि पाककृतींच्या यादीत मोड आलेली कडधान्ये आणि नाचणीसत्त्व आल्याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायची असते, आणि भाजीपाल्याचे पैसे उशिरा आले की ती भाजी म्हणजे आमटीतल्या बटाट्याच्या दोन फोडी एवढीच उरते. मोठ्या माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते आणि त्यात बटाटा धरत नाही. मुलाला एवढे लागत नाही, पण पालेभाजीची चव तरी त्याला शाळेत लागली पाहिजे. आमच्या शाळेच्या परसबागेत शेवगा, दुधी, पालक आणि कढीपत्ता होता. स्वयंपाक करणाऱ्या ताई ज्या दिवशी शेवग्याचा पाला आमटीत घालत त्या दिवशी मुले भात पुन्हा मागून घेत. फेब्रुवारीत पाण्याचा टँकर सुरू झाला की बाग वाळे, कारण बागेसाठी पाणी मागण्याची सोय कुठल्याच रकान्यात नव्हती.

शेंगदाण्यांचाही एक मुद्दा आहे. दाण्याचे कूट आपल्या निम्म्या भाज्यांत असते आणि चिक्की हा मुलांसाठी खरोखर चांगला खाऊ आहे, परंतु दमट जागेत ठेवलेल्या दाण्यांना जी हिरवट-काळी बुरशी लागते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे आणि भाजल्याने किंवा शिजवल्याने ते पूर्ण जात नाही. शाळेच्या खोलीत धान्याची पोती भिंतीला टेकून, ओलसर फरशीवर ठेवलेली मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. दोन लाकडी फळ्या मिळाव्यात म्हणून केलेली मागणी मंजूर व्हायला एक अख्खे शैक्षणिक वर्ष लागले.

आता माझ्या मागण्या. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या फाटकापासून ५० मीटरची हद्द मोजून ती रस्त्यावर पक्क्या रंगाने आखावी, तिथे मराठीत पाटी लावावी आणि त्या हद्दीत काय विकता येणार नाही हे नावानिशी लिहावे. सुगंधित सुपारीवर राज्याच्या आदेशाप्रमाणे कारवाई करावी, आणि साधी किंवा गोड सुपारीही शाळेजवळ मुलांना विकली जाणार नाही असा आदेश आपल्या अधिकारात काढावा. सुपारी तंबाखूजन्य नसल्याचे कारण देऊन निकाली काढलेला माझा अर्ज पुन्हा उघडावा.

हे करताना टपरीवाल्यांना हाकलून लावू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यातले दोघे माझे विद्यार्थी होते आणि त्यांची घरे त्या फळीवर चालतात. त्यांना बोलावून नियम समजावून सांगावा, बदलासाठी मुदत द्यावी, आणि उकडलेल्या शेंगा, फुटाणे, भाजलेले कणीस, केळी, पेरू, बोरे, चिक्की, घरचे ताक असे पदार्थ विकणाऱ्यांना त्याच जागी बसण्याची परवानगी आणि नोंदणीसाठी मदत द्यावी. तेल मोजण्याचे यंत्र प्रत्येक तालुक्याला किमान एक द्यावे आणि पहिल्या वेळी दंड न करता ताकीद द्यावी.

शाळेच्या कोणत्याही समारंभात, मग तो प्रवेशोत्सव असो, झेंडावंदन असो वा कुणा पाहुण्याची भेट असो, वेफर्स, गोड पेये आणि चॉकलेटे वाटली जाणार नाहीत असे परिपत्रक काढावे आणि त्याऐवजी फळ किंवा चिक्की द्यावी. पोषण आहाराच्या भाजीपाल्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळावेत, आठवड्यातून दोन दिवस तरी पालेभाजी आणि स्थानिक भरडधान्य ताटात यावे, परसबागेला उन्हाळ्यात पाणी मिळावे आणि धान्य ठेवायला कोरडी जागा मिळावी. शाळांत आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकाने पाचवीच्या पुढच्या प्रत्येक मुलाचे तोंड किती उघडते ते पाहून नोंदवावे. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, एवढे पाहायला अर्धे मिनिट लागते, आणि जी आमच्या घरात वेळेवर झाली नाही ती तपासणी हीच होती.

या मागण्यांपैकी बहुतेकांना नवा कायदा लागत नाही, आणि फळ्या, रंग व यंत्रे सोडली तर फारसा खर्चही नाही. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडतील त्यापूर्वी मला लेखी उत्तर मिळावे. कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, हे त्यात असावे, आणि ते उत्तर मी या पत्राप्रमाणेच सर्वांना वाचायला देणार आहे. मोजणीच्या दिवशी मनुष्यबळ कमी पडत असेल तर आमच्या गावातल्या निवृत्त शिक्षकांपैकी सहा जणांनी येण्याची तयारी दाखवली आहे आणि ३० मीटरची टेप माझ्याकडे आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका